मोबाइल अ‍ॅपचा विकास-संच : घटकांची प्रतिष्ठापना आणि अद्ययावतीकरण

शेताच्या बांधावर, अंगणवाडीत आणि शाळेच्या वर्गात मोबाइल अ‍ॅप हे आता नित्याचे साधन झाले आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ शिक्षकांच्या चांगलेच परिचयाचे आहे. १ मार्च २०२१ रोजी केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण ट्रॅकर’ अंगणवाडी सेविकांच्या हाती दिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी अ‍ॅपचा प्रारंभ झाला आणि शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करता येऊ लागली. याशिवाय अनेक जिल्हा परिषदा, नगरपालिका, तंत्रनिकेतने व महाविद्यालये आपापल्या गरजेनुसार लहानमोठी अ‍ॅप तयार करून घेत असतात किंवा विद्यार्थ्यांकडून तयार करवीत असतात.

अ‍ॅप एकदा तयार झाले की काम संपले, अशी समजूत मात्र बरीच रूढ आहे. दोन-तीन वर्षांनी तेच अ‍ॅप नव्या मोबाइलवर मिळेनासे होते. त्यात एक साधी दुरुस्ती करावयाची म्हटले तरी नव्या संगणकावर ते तयारच होत नाही. आणि मूळ अ‍ॅप करणारा माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असतो. अशा अनेक अडचणींचे मूळ अ‍ॅपच्या मजकुरात नसते. ज्या साधनसंचाने ते अ‍ॅप घडविले, त्या संचाची मांडणी व निगा यांत ते असते. हा संच म्हणजे काय, त्याचे घटक संगणकावर कसे बसवावेत, ते केव्हा व किती अद्ययावत करावेत आणि त्याची नोंद कशी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी अँड्रॉइड ही आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी मोबाइल प्रणाली घेतली आहे.

संचाची ओळख

सुतार घरी आला की तो आपली हत्यारपेटी बरोबर आणतो. करवत, रंधा, पटाशी, गुण्या ही हत्यारे वेगवेगळी असली तरी खिडकीची चौकट करावयाची तर ती सर्व लागतात, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ असावा लागतो. सॉफ्टवेअर विकास-संच, ज्याला संगणकाच्या क्षेत्रात ‘एसडीके’ म्हणतात, तो अशाच प्रकारची हत्यारपेटी होय.

अँड्रॉइड प्रणालीची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ रोजी झाली आणि आठवडाभरातच, १२ नोव्हेंबरला, तिच्या विकास-संचाची प्राथमिक आवृत्ती विकसकांसाठी खुली करण्यात आली. अँड्रॉइडवर चालणारा पहिला मोबाइल बाजारात आला तो २००८ साली. म्हणजे मोबाइलच्या आधी त्याची हत्यारपेटी लोकांच्या हाती पोहोचली होती. प्रारंभी हा संच ‘एक्लिप्स’ नावाच्या लेखन-साधनाबरोबर वापरला जाई. मे २०१३ मध्ये ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ जाहीर झाला, त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली आणि २०१५ साली गूगलने एक्लिप्ससाठीच्या जोड-साधनांचा विकास थांबवीत असल्याचे जाहीर केले. अनेक ग्रंथालयांतील जुन्या पुस्तकांत अजूनही एक्लिप्सची कृती दिलेली आढळते. शिक्षकांनी ती पुस्तके इतिहास म्हणून जरूर दाखवावीत. प्रात्यक्षिकासाठी मात्र त्यांचा उपयोग करू नये.

प्रमुख घटक

हा संच एकसंध नाही. त्याचे अनेक सुटे घटक असून प्रत्येकाला स्वतंत्र आवृत्ती-क्रमांक असतो. त्यांतील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

१. प्लॅटफॉर्म : अँड्रॉइडच्या एका विशिष्ट आवृत्तीत अ‍ॅपला कोणकोणत्या सुविधा मिळतात, याचा हा अधिकृत नमुना होय. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा प्लॅटफॉर्म असतो आणि एका संगणकावर असे अनेक प्लॅटफॉर्म शेजारी शेजारी राहू शकतात.

२. बिल्ड-टूल्स : लिहिलेला मजकूर, चित्रे व शब्दसंग्रह एकत्र करून त्यापासून मोबाइलवर बसविता येईल अशी फाइल बनविण्याचे आणि तिच्यावर स्वाक्षरी करण्याचे काम ही साधने करतात. यांच्याही अनेक आवृत्ती एकत्र नांदतात.

३. प्लॅटफॉर्म-टूल्स : संगणक व मोबाइल यांच्यात दुवा साधणारे ‘एडीबी’ हे साधन यात असते. हा घटक जुन्या मोबाइलांशीही जुळवून घेतो. म्हणून त्याची नवीनतम अशी एकच प्रत पुरेशी होते.

४. कमांड-लाइन टूल्स : अन्य घटक आणणे, बसविणे, काढून टाकणे व अद्ययावत करणे यासाठीचा ‘एसडीके मॅनेजर’ अक्षरी आज्ञांच्या रूपात यात असतो. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे तर हा संचाचा भांडारपाल होय.

५. एम्युलेटर व सिस्टिम इमेज : प्रत्यक्ष मोबाइल नसताना संगणकाच्या पडद्यावर मोबाइलची प्रतिकृती चालविण्याची ही सोय आहे. संचातील सर्वांत जड भाग हाच असतो.

६. एनडीके : सी व सी-प्लस-प्लस या भाषांत लिहिलेला भाग अ‍ॅपमध्ये असेल तरच हा लागतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला किंवा साध्या नोंदणी-अ‍ॅपला याची गरज नसते.

तीन आकडे आणि त्यांचा अर्थ

अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला एक अनुक्रमांक दिलेला असतो. त्याला ‘एपीआय पातळी’ म्हणतात. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५.० ची पातळी २१, २०१७ च्या ८.० ची २६, २०२२ च्या १३ ची ३३, २०२३ च्या १४ ची ३४, २०२४ च्या १५ ची ३५ आणि २०२५ च्या १६ ची ३६ अशी आहे. अ‍ॅप तयार करताना या क्रमांकांच्या आधारे तीन निर्णय घ्यावे लागतात. ते नीट समजले तर घटकांविषयीचा पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

पहिला आकडा ‘मिन एसडीके’ हा होय. अ‍ॅप किती जुन्या मोबाइलवर चालले पाहिजे, हे त्यावरून ठरते. तो २१ ठेवला तर २०१४ च्या आवृत्तीचा मोबाइलही चालतो. २६ ठेवला तर त्याहून जुने मोबाइल वगळले जातात. गावातील एखाद्या शेतकऱ्याला ‘हे अ‍ॅप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही’ असा संदेश येतो, तेव्हा बहुधा हाच आकडा आड आलेला असतो. हा निर्णय वरकरणी तांत्रिक वाटला तरी त्याचे स्वरूप सामाजिक आहे. कोणाला सामावून घ्यावयाचे आणि कोणाला वगळावयाचे, हे त्यातून ठरत असल्यामुळे तो केवळ विकसकावर न सोडता संबंधित कार्यालयाने स्वतः घ्यावयास हवा.

दुसरा आकडा ‘कंपाइल एसडीके’ हा होय. अ‍ॅप बनविताना कोणत्या प्लॅटफॉर्मचा नमुना समोर ठेवावयाचा, हे तो सांगतो. येथे दिलेल्या पातळीचा प्लॅटफॉर्म संगणकावर बसविलेला असावाच लागतो. तिसरा आकडा ‘टार्गेट एसडीके’ हा होय. कोणत्या पातळीपर्यंतचे नियम लक्षात घेऊन अ‍ॅप तपासले आहे, याची ती विकसकाने मोबाइलला दिलेली हमी असते.

मराठी वाचकांना जवळचे एक उदाहरण घेऊ. अँड्रॉइडच्या स्वतःच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश ५.० या आवृत्तीपासून झाला. पुढे अँड्रॉइड १३ मध्ये प्रत्येक अ‍ॅपसाठी स्वतंत्र भाषा निवडण्याची सोय मोबाइलच्या सेटिंगमध्येच आली. मोबाइल इंग्रजीत असला तरी एखादे अ‍ॅप मराठीत वापरता येऊ लागले. आता असे समजा की, ग्रामसभेच्या सूचना देणाऱ्या एका अ‍ॅपला ही सोय द्यावयाची आहे. त्यासाठी अ‍ॅपच्या घोषणापत्रात उपलब्ध भाषांची नोंद करावी लागते आणि ही नोंद पातळी ३३ च्या प्लॅटफॉर्मलाच ओळखू येते. संगणकावर ३२ पर्यंतचेच प्लॅटफॉर्म असतील तर अ‍ॅप बनताना ‘अशी नोंद सापडत नाही’ म्हणून चूक दाखविली जाते. उपाय एवढाच की, पातळी ३३ किंवा त्यापुढील प्लॅटफॉर्म बसवावा आणि कंपाइल एसडीकेचा आकडा वाढवावा. मिन एसडीके २१ च राहू द्यावा. जुने मोबाइल ती नोंद दुर्लक्षितात आणि अ‍ॅप त्यांच्यावर पूर्वीप्रमाणे चालते.

टार्गेट एसडीके वाढविताना मात्र अधिक दक्षता घ्यावी लागते. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला सूचना पाठविण्यापूर्वी वापरणाऱ्याची परवानगी लागते आणि नव्याने बसविलेल्या अ‍ॅपच्या सूचना प्रारंभी बंद असतात. टार्गेट ३३ केल्यानंतर ही परवानगी केव्हा मागावयाची, हे अ‍ॅपने स्वतः ठरवावे लागते. विकसकाने आकडा वाढविला आणि परवानगी मागण्याचा भाग लिहिलाच नाही, तर अ‍ॅप व्यवस्थित उघडेल, परंतु ग्रामसभेची सूचना नव्या सदस्यांपर्यंत पोहोचणार नाही. आणि न आलेल्या सूचनेबद्दल तक्रार तरी कोण करणार? म्हणून आकडा वाढविणे व त्यानुसार चाचणी घेणे ही एकाच कामाची दोन अंगे मानावीत.

प्रतिष्ठापनेचा क्रम

नवशिक्याने अँड्रॉइड स्टुडिओ बसविणे सर्वांत सोयीचे असते. त्याचा प्रारंभीचा मार्गदर्शक संवाद प्लॅटफॉर्म, बिल्ड-टूल्स, प्लॅटफॉर्म-टूल्स हे आवश्यक घटक आपणहून आणतो. पुढे लागणारे घटक ‘टूल्स’ या यादीतील ‘एसडीके मॅनेजर’मधून घ्यावेत. तेथे प्लॅटफॉर्मची यादी आणि साधनांची यादी अशी पाने असतात. ‘शो पॅकेज डिटेल्स’ या चौकटीत खूण केली की प्रत्येक घटकाच्या सर्व आवृत्ती दिसतात. हव्या त्या घटकापुढे खूण करावी, ‘अ‍ॅप्लाय’ दाबावे, काय येणार आहे त्याची यादी वाचावी, परवान्याच्या अटी वाचून मान्य कराव्यात आणि मगच घटक उतरवून घ्यावेत. खूण काढली तर बसविलेला घटक काढून टाकला जातो, हेही लक्षात ठेवावे.

स्टुडिओशिवाय केवळ आज्ञांनी काम करावयाचे असेल तर कमांड-लाइन टूल्सची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. येथे एक बारीकसा पण हमखास चुकणारा मुद्दा आहे. उलगडलेली फाइल संचाच्या मुख्य फोल्डरमधील ‘सीएमडीलाइन-टूल्स’ या फोल्डरच्या आत ‘लेटेस्ट’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवावी लागते. तसे न केल्यास भांडारपालाला आपले भांडार कोठे आहे हेच समजत नाही आणि संचाचे मूळ ठिकाण ठरविता येत नाही, असा संदेश येतो. त्यानंतर ‘अँड्रॉइड होम’ या नावाने संचाचा मार्ग संगणकाच्या परिसर-नोंदीत लिहावा. मग यादी पाहणे, घटक बसविणे, अद्ययावत करणे, काढून टाकणे आणि परवाने मान्य करणे या पाच आज्ञांत सर्व काम होते. या साधनांच्या अलीकडील आवृत्तीला जावा १७ लागते. जावा ८ किंवा ११ असलेल्या संगणकावर ती सुरूच होत नाहीत. स्टुडिओबरोबर त्याची स्वतःची जावा येत असल्यामुळे तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

संच कोठे ठेवावा यालाही महत्त्व आहे. मार्गात रिकामी जागा किंवा रोमन लिपीबाहेरील अक्षरे असल्यास काही साधने अडखळतात. आपल्याकडे विंडोजमध्ये वापरणाऱ्याचे नाव देवनागरीत लिहिण्याची प्रथा काही शाळांत आहे. ती स्तुत्यच आहे. तथापि संच सहसा त्या नावाच्या फोल्डरमध्ये बसत असल्याने अडचण येते. अशा वेळी संचासाठी रोमन अक्षरांतील, मध्ये रिकामी जागा नसलेल्या लहान नावाचा वेगळा फोल्डर करावा. एकाच संगणकावर अनेक विद्यार्थी आपापल्या नावाने काम करीत असतील, तर हा फोल्डर सामायिक ठेवल्याने प्रत्येकाला तोच घटक पुन्हा उतरवून घ्यावा लागत नाही.

परवाना आणि अधिकृत स्रोत

घटक बसविण्यापूर्वी परवान्याच्या अटी मान्य कराव्या लागतात आणि त्या मान्यतेची नोंद संचाच्या ‘लायसन्सेस’ या फोल्डरमध्ये राहते. ही नोंद नसेल तर ‘काही परवाने मान्य केलेले नाहीत’ असे सांगून अ‍ॅप बनविण्याचे काम थांबते. अटींत संचाची प्रत काढणे व तिचे वितरण करणे यांवर मर्यादा आहेत. सबब संच पेन-ड्राइव्हमध्ये भरून वाटण्यापूर्वी त्या अटी संस्थाप्रमुखांनी वाचून घेणे इष्ट होय.

प्रत्येक घटकाबरोबर त्याचा आकार व एक पडताळणी-अंक प्रसिद्ध केलेला असतो. उतरवून घेतलेल्या फाइलचा अंक त्याच्याशी जुळला तरच भांडारपाल ती स्वीकारतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी व सील तपासूनच शेतकरी ती विकत घेतो, तसाच हा प्रकार आहे. सील तुटलेली पिशवी स्वस्त मिळाली म्हणून कोणी पेरीत नाही.

ही दक्षता किती आवश्यक आहे, हे सप्टेंबर २०१५ मध्ये चीनमध्ये उघडकीस आलेल्या एका प्रकरणावरून दिसून आले. आयफोनची अ‍ॅप बनविण्यासाठी लागणारे ‘एक्सकोड’ हे अ‍ॅपलचे साधन आकाराने मोठे आणि त्या देशात अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यावयास अतिशय संथ होते. त्यामुळे अनेक विकसकांनी ते इतर ठिकाणी ठेवलेल्या प्रतींवरून घेतले. त्यांतील काही प्रतींमध्ये अपायकारक भाग मिसळलेला होता. त्या प्रतीने बनविलेल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये, विकसकाच्या नकळत, तो भाग शिरला आणि ती अ‍ॅप अधिकृत दुकानातही पोहोचली. ‘वीचॅट’सारख्या अतिशय लोकप्रिय अ‍ॅपची एक आवृत्तीही त्यात सापडली. विकसकांचा हेतू शुद्ध होता, त्यांनी लिहिलेला मजकूरही शुद्ध होता. हत्यार मात्र दूषित होते. संथ इंटरनेटची अडचण आपल्या ग्रामीण भागालाही आहे. म्हणूनच घाईपोटी अनोळखी ठिकाणाहून संच घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

अद्ययावतीकरणाचा विवेक

‘सर्व काही अद्ययावत करा’ या आज्ञेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ही आज्ञा बसविलेल्या घटकांच्या सुधारित प्रती आणते. पातळी ३४ चा प्लॅटफॉर्म असलेल्या संगणकावर ती ३४ चीच सुधारित प्रत आणील. पातळी ३५ चा प्लॅटफॉर्म आपणहून बसविणार नाही, कारण तो वेगळा घटक आहे. बिल्ड-टूल्सच्या बाबतीतही असेच घडते. प्लॅटफॉर्म-टूल्स व एम्युलेटर यांची मात्र जुनी प्रत जाऊन तिच्या जागी नवी येते.

शाळेत अभ्यासक्रम बदलला की नवे पाठ्यपुस्तक येते. तरीही जुन्या अभ्यासक्रमाचे पुनर्परीक्षार्थी असेतोवर जुने पुस्तक कपाटात ठेवावे लागते. प्लॅटफॉर्मचेही तसेच आहे. एखाद्या अ‍ॅपला जुन्या पातळीची गरज असेतोवर तो प्लॅटफॉर्म काढून टाकू नये. ती संपल्यावर मात्र काढून जागा मोकळी करावी.

आवृत्ती चार प्रवाहांतून प्रसिद्ध होतात : स्थिर, बीटा, विकास आणि कॅनरी. जनतेच्या कामाच्या अ‍ॅपसाठी व वर्गातील प्रात्यक्षिकासाठी स्थिर प्रवाहच वापरावा. अन्य प्रवाह आगामी बदलांचा अंदाज घेण्यासाठी असून त्यांच्यासाठी शक्यतो वेगळा संगणक असावा.

घटक परस्परांशी बांधलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे. अ‍ॅप जुळविणाऱ्या ‘ग्रेडल’ जोड-साधनाच्या ८.० या आवृत्तीपासून जावा १७ आवश्यक झाली, आणि नव्या प्लॅटफॉर्मला या जोड-साधनाचीही पुरेशी नवी आवृत्ती लागते. म्हणून बदल एका वेळी एकच करावा, त्यानंतर अ‍ॅप पुन्हा बनवून पाहावे, जुन्या व नव्या अशा किमान दोन मोबाइलांवर चाचणी घ्यावी आणि मगच पुढील बदलाकडे वळावे. बदलापूर्वी मूळ मजकुराची प्रत सुरक्षित ठेवावी.

अद्ययावतीकरण लांबणीवर टाकण्यालाही मर्यादा आहे. गूगल प्ले या वितरण-केंद्राने २०१८ पासून नव्या अ‍ॅपला किमान लक्ष्य-पातळीची अट घातली आणि ती पुढे वाढत गेली. ३१ ऑगस्ट २०२३ पासून ती ३३, ३१ ऑगस्ट २०२४ पासून ३४ आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपसाठी व नव्या आवृत्तींसाठी सर्वसाधारणपणे ३५ झाली. फार मागे राहिलेले अ‍ॅप ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांच्याकडे राहते, परंतु नव्या अँड्रॉइडचा मोबाइल घेणाऱ्या नव्या वापरकर्त्याला ते केंद्रावर सापडतच नाही. एखाद्या ग्रामपंचायतीचे अ‍ॅप सरपंचांच्या जुन्या मोबाइलवर उत्तम चालते आणि नव्याने निवडून आलेल्या सदस्याला ते मिळत नाही, हा प्रकार अशा रीतीने घडू शकतो.

इंटरनेट मर्यादित असेल तेव्हा

तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेचे एक साधे गणित मांडून पाहू. ३० संगणक आहेत आणि प्रत्येकावर दीड गिगाबाइटचे घटक उतरवावयाचे आहेत, असे धरू. एकूण ४५ गिगाबाइट होतात. जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची, म्हणजे सव्वा मेगाबाइटची असेल, तर ती अखंड चालूनही सुमारे १० तास लागतील. तासिका सुरू झाल्यावर सर्वांनी एकदम ‘अ‍ॅप्लाय’ दाबले तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

यावर पुढील उपाय योजता येतात. सत्राच्या प्रारंभी शिक्षकाने त्या सत्रासाठी एक प्लॅटफॉर्म व एक बिल्ड-टूल्स आवृत्ती निश्चित करावी आणि ती सत्र संपेपर्यंत बदलू नये. घटक उतरविण्याचे काम सुटीच्या दिवशी किंवा रात्री, काही संगणकांवर आळीपाळीने करावे. सर्वांत मोठी बचत सिस्टिम इमेज टाळल्याने होते. ती एकटीच गिगाबाइटच्या आसपास किंवा त्याहून मोठी असते, तर प्लॅटफॉर्म व बिल्ड-टूल्स त्यामानाने फार हलके असतात. एम्युलेटरच्या जागी विद्यार्थ्याचा किंवा शाळेचा एखादा जुना मोबाइल तारेने जोडावा. मोबाइलच्या माहितीतील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकविले की विकसकांसाठीचे पर्याय खुले होतात, त्यांतील ‘यूएसबी डीबगिंग’ चालू केले की अ‍ॅप थेट त्या मोबाइलवर चालविता येते. काम झाल्यावर हा पर्याय बंद करावा. एम्युलेटरसह काम करावयाचे तर १६ गिगाबाइट स्मृतीचा संगणक असणे इष्ट असते. प्रत्यक्ष मोबाइल वापरल्यास ८ गिगाबाइटमध्ये काम भागते.

वारंवार येणाऱ्या अडचणी

एम्युलेटर अतिशय संथ चालत असेल किंवा सुरूच होत नसेल, तर संगणकाच्या मूळ मांडणीत आभासीकरणाची सोय बंद आहे काय, हे प्रथम पाहावे. जुन्या पुस्तकांत यासाठी इंटेलचे ‘हॅक्सम’ बसविण्यास सांगितलेले असते; त्याचा विकास २०२३ मध्ये थांबला असून त्याऐवजी विंडोजची स्वतःची सोय वापरावी. मोबाइल जोडूनही दिसत नसेल तर तार केवळ विद्युत्भारणाची आहे काय, मोबाइलच्या पडद्यावर परवानगीचा प्रश्न अनुत्तरित आहे काय आणि विंडोजवर त्या मोबाइलचा ड्रायव्हर आहे काय, हे क्रमाने तपासावे. ‘एडीबी’च्या आवृत्ती जुळत नाहीत असा संदेश आला, तर त्या साधनाच्या दोन प्रती संगणकावर असण्याचा संभव असतो, संचाबाहेरील प्रत काढून टाकावी.

कार्यालयांनी ठेवावयाची नोंद

शासकीय कार्यालयात व शाळेत जडसंग्रह नोंदवही असते. खुर्ची, कपाट, पंखा यांची संख्या, खरेदीचा दिनांक व स्थिती तीत लिहिलेली असते. अ‍ॅपच्या विकास-संचासाठीही अशी एक पानाची नोंद असावी. तीत स्टुडिओची आवृत्ती, जावाची आवृत्ती, ग्रेडल व त्याच्या जोड-साधनाची आवृत्ती, प्लॅटफॉर्म, बिल्ड-टूल्स, असल्यास एनडीके, तसेच मिन, कंपाइल व टार्गेट हे तीन आकडे, शेवटच्या बदलाचा दिनांक, बदल करणाऱ्याचे पद आणि चाचणी घेतलेले मोबाइल यांचा उल्लेख असावा.

अ‍ॅप बाहेरील संस्थेकडून करवून घेताना करारनाम्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, मूळ मजकूर व वरील नोंद कार्यालयाच्या ताब्यात मिळावी. दुसरी, स्वाक्षरीची किल्ली व वितरण-केंद्रावरील खाते कार्यालयाच्या नावे असावे. तिसरी, किती वर्षे व किती वेळा लक्ष्य-पातळी वाढवून द्यावयाची, हे ठरलेले असावे. चौथी, काम हाती घेताना, त्याचप्रमाणे ते सोडताना, कार्यालयातील कोऱ्या संगणकावर नोंदीबरहुकूम घटक बसवून अ‍ॅप तयार करून दाखवावे. ही शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. अशा संगणकावर अ‍ॅप पुन्हा तयार झाले तर कार्यालय कोणा एका व्यक्तीवर अवलंबून राहत नाही.

पंचायत सदस्यांना व अधिकाऱ्यांना या आज्ञा स्वतः द्याव्या लागणार नाहीत. तथापि आढावा बैठकीत तीन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत : आपले अ‍ॅप किती जुन्या मोबाइलवर चालते, त्याची लक्ष्य-पातळी चालू अटीत बसते काय, आणि ते आज नव्या संगणकावर पुन्हा तयार करता येते काय? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत व दिनांकांसह मिळू लागली की अ‍ॅपवर झालेला सार्वजनिक खर्च टिकाऊ ठरेल, आणि गावातील जुना मोबाइल असलेला शेतकरी व नवा मोबाइल घेतलेला तरुण या दोघांनाही त्याचा लाभ मिळत राहील.